घरच्या दूरचित्रवाणी संचास रेकॉर्डर कसा जोडावा

शेतीविषयक उपयुक्त माहिती शेतकऱ्याच्या घरापर्यंत येऊन पोंचेल अशी व्यवस्था आज झालेली आहे. परंतु ती येईल त्या वेळीं शेतकरी घरांत असेल अशी व्यवस्था मात्र कोणासही करतां आलेली नाहीं. गाईम्हशींच्या धारा, विहिरीवरील पंप, बाजारची गाडी यांच्या वेळा ठरलेल्या असतात, व त्यांच्यापुढें दूरचित्रवाणीच्या वेळेचें कांहीं चालत नाहीं. या दोन वेळांचा मेळ घालून देणारें एक लहानसें यंत्र आहे. त्यास रेकॉर्डर म्हणतात. तें घरच्या संचास कसें जोडावें, त्यापासून काय अपेक्षा करावी व काय करूं नये, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तत्पूर्वीं आमचा स्वतःचा एक अनुभव वाचकांपुढें ठेवतों. कारण त्या अनुभवावांचून आम्ही या यंत्राच्या वाटेस गेलोंच नसतों.

चुकलेला आंकडा

इसवी सन २०१९ च्या खरिपांत आम्हीं दोन एकर मका पेरला होता. आदल्या वर्षीं कर्नाटकांत प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी तोंवर महाराष्ट्रांतही येऊन पोंचली होती. डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी खूण व शेपटाकडे चौकोनांत मांडलेले चार काळे ठिपके ही तिची ओळख आज मका पिकविणाऱ्यांस सांगावयास नको. परंतु त्या वर्षीं ती आम्हांस सर्वस्वीं नवी होती.

एके सायंकाळीं दूरचित्रवाणीवर या अळीच्या बंदोबस्ताविषयीं तज्ज्ञांचें भाषण झालें. त्या आठवड्यांत आमच्याकडील शेतीपंपांस विजेची पाळी सायंकाळनंतरची होती, म्हणून आम्ही व चिरंजीव विहिरीवर होतों. सूनबाई गोठ्यांत धारा काढीत होत्या. घरांत एकट्या आमच्या मातोश्री होत्या. आम्ही परत आल्यावर त्यांनीं सांगितलें, "निंबोळीचें औषध म्हणाले, पांच मिलि." पांच मिलि कशांत, हें त्यांच्या ध्यानांत राहिलें नव्हतें. शेजारच्या दादांनीं कार्यक्रमाचा शेवटचा भाग पाहिला होता. ते म्हणाले, "पंपास पांच मिलि, दुसरें काय!" आम्हीं तसेंच केलें.

शिफारस वस्तुतः अशी होती: १५०० पी. पी. एम. शक्तीचें अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीचें तयार औषध, दर लिटर पाण्यास ५ मिलि. आमचा पाठीवरील पंप १५ लिटरांचा. म्हणजे पंपास ७५ मिलि औषध पाहिजे होतें. आम्हीं घातलें ५ मिलि. हें औषध अंडीं व बारीक अळ्या असतांनाच उपयोगी पडणारें. ते मोलाचे दिवस असे वायां गेले. पुढें तालुक्याच्या गांवीं गेलों असतां भिंतीवरच्या तक्त्यांत खरा आंकडा दिसला, तेव्हां दहा दिवस लोटले होते. अळ्या मोठ्या होऊन पोंग्यांत खोल शिरल्या होत्या, आणि पानें चाळणीसारखीं झालीं होतीं. त्या दोन एकरांत बियाणें, खत व मजुरी यांचा खर्चही निघाला नाहीं.

यांत दोष कोणाचा? मातोश्रींनीं जें ऐकलें तें खरेंच होतें. दादांनीं जें सांगितलें तें सद्भावनेनें सांगितलें. दोष इतकाच कीं, बोललेला शब्द एकदां कानावरून गेला म्हणजे त्यास परत बोलावतां येत नाहीं. छापील कागद पुन्हां पुन्हां वाचतां येतो. बोललेल्या शब्दास ती सोय नाहीं. ही उणीव भरून काढणें, एवढेंच रेकॉर्डरचें काम.

पूर्वींची रीत व आतांची

आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लींत प्रयोगादाखल झाला. शेतकऱ्यांसाठीं 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ८० गांवांकरितां सुरू झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें, व तेथील 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाचें नांव महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या घरोघरीं झालें. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० गांवांत चित्रें दाखविण्याचा प्रयोग झाला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढें २६ मे २०१५ रोजीं केवळ शेतकऱ्यांसाठीं 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनी निघाली.

त्या आरंभींच्या काळीं एका संचापुढें गांव जमत असे. एकाचें ऐकावयाचें राहिलें तर दुसरा सांगे; दोघांच्या ऐकण्यांत तफावत पडली तर तिसरा निवाडा करी. आतां संच घरोघर झाला, ही सोय मोठी खरी. परंतु पाहणारा एकटा पडला. ऐकलेलें तपासून पाहण्याची सामुदायिक सोय गेली, तिच्या जागीं कांहीं तरी घरांतच असणें अवश्य झालें आहे.

रेकॉर्डर म्हणजे काय

१९७५ च्या सुमारास चित्रें फितीवर मुद्रित करणारीं घरगुती यंत्रें परदेशांत विक्रीस आलीं. फीत वारंवार चालविली कीं झिजे व चित्र धुरकट होई. हल्लींच्या प्रक्षेपणांत चित्र व ध्वनि हे आंकड्यांच्या रूपानें येतात. ते आंकडे जसेच्या तसे सांठवून ठेवणें हेंच डिजिटल रेकॉर्डरचें काम. आंकडा पुन्हां वाचल्यानें झिजत नाहीं. म्हणून दहाव्या वेळीं पाहिलेलें चित्र पहिल्या वेळेइतकेंच स्वच्छ दिसतें. अशीं घरगुती यंत्रें प्रथम १९९९ सालीं अमेरिकेंत विकावयास आलीं.

आपल्याकडे तीन प्रकार आढळतात. पहिला, ज्या सेट-टॉप बॉक्सला यू. एस. बी. चें भोंक असून त्यांत पेनड्राइव्ह अथवा हार्ड डिस्क लावतां येते तो. हा सर्वांत स्वस्त, व सामान्य शेतकरी कुटुंबास पुरेसा. दुसरा, ज्याच्या पोटांतच हार्ड डिस्क बसविलेली असते तो. तिसरा, सेट-टॉप बॉक्स व संच यांच्या मध्यें ठेवावयाचा स्वतंत्र रेकॉर्डर. खरेदीपूर्वीं एक गोष्ट दुकानदाराकडून प्रत्यक्ष करवून पाहावी. यू. एस. बी. चें भोंक दिसलें म्हणजे मुद्रण होतेंच असें नाहीं. कित्येक बॉक्सांत तें केवळ पेनड्राइव्हवरचीं गाणीं वाजविण्यापुरतें असतें. म्हणून दुकानांतच दोन मिनिटांचें मुद्रण करून दाखवावयास सांगावें.

जोडणीचें एकच तत्त्व

संचाच्या पाठीमागें भोंकांची रांग व तारांचा गुंता पाहून पुष्कळांचें धैर्य खचतें. वास्तविक ज्यानें शेतांत पाणी फिरविलें आहे त्यास यांत शिकण्यासारखें फारसें नाहीं. विहिरींतून पाणी पंपांत, पंपांतून पाटांत व पाटांतून वाफ्यांत जातें. उलट जात नाहीं. येथेंही छत्रींतून सेट-टॉप बॉक्समध्यें, बॉक्समधून रेकॉर्डरमध्यें व तेथून संचांत, असा एकाच दिशेचा प्रवाह आहे. ज्या भोंकापाशीं 'आउट' लिहिलें असेल तेथून माल बाहेर पडतो; जेथें 'इन' लिहिलें असेल तेथें तो आंत येतो. मागच्या यंत्राचें 'आउट' व पुढच्या यंत्राचें 'इन' यांची गांठ घालावी. 'आउट' ला 'आउट' जोडलें तर दोन पाट तोंडास तोंड लावून सोडल्यासारखें होईल, व वाफा कोरडा राहील.

प्रत्यक्ष जोडणी

प्रथम सर्व यंत्रांचे प्लग भिंतींतून काढून ठेवावे. छत्रीच्या दांड्यावर जें लहान यंत्र असतें त्यास चालविण्यासाठीं बॉक्स त्याच तारेंतून १३ किंवा १८ व्होल्टचा दाब वर पाठवीत असतो. बॉक्स चालू असतां ही तार कापूं अगर जोडूं नये.

छत्रीची तार सोलून पाहिली असतां मध्यें तांब्याची एक काडी, तिच्याभोंवतीं पांढरें वेष्टण व त्यावर बारीक तारांची जाळी दिसते. पिन बसवितांना जाळीचा एकही धागा मधल्या काडीस शिवतां कामा नये. शिवल्यास छत्री ठीक असूनही चित्र येत नाहीं, व दोष मात्र छत्रीवर ढकलला जातो. पिन बोटांनीं घट्ट पिळावी. पकडीचा जोर लावूं नये.

आतां बॉक्स व संच यांची गांठ. नव्या संचांस एच. डी. एम. आय. नांवाचें चपटें भोंक असतें. या एकाच तारेंतून चित्र व ध्वनि दोन्ही जातात. तिच्या पिनेची एक बाजू रुंद व दुसरी अरुंद असते. बाजू जुळली म्हणजे ती सहज आंत जाते. जात नसेल तर ती उलटी धरली आहे असें समजावें व बळ करूं नये. जुन्या संचांस पिवळें, पांढरें व तांबडें अशीं तीन वाटोळीं भोंकें असतात. पिवळें चित्राचें, पांढरें डाव्या ध्वनीचें व तांबडें उजव्या ध्वनीचें. रंगास रंग लावावा. संचास ध्वनीचें एकच भोंक असेल तर तेथें पांढरी पिन घालून तांबडी मोकळी ठेवावी.

स्वतंत्र रेकॉर्डर असल्यास बॉक्सच्या 'आउट' पासून रेकॉर्डरच्या 'इन' पर्यंत तीन रंगांची एक तार, व रेकॉर्डरच्या 'आउट' पासून संचाच्या 'इन' पर्यंत दुसरी, अशा दोन तारा लागतात. एच. डी. एम. आय. मधून जाणाऱ्या चित्रास बहुधा नकलेविरुद्ध कुलूप घातलेलें असतें, म्हणून तें रेकॉर्डर घेत नाहीं. याकरितां बॉक्सपासून रेकॉर्डरपर्यंत तीन रंगांचीच तार वापरणें सोयीचें.

सर्व जोडून झाल्यावर प्लग लावावे. पडद्यावर कांहींच न दिसल्यास घाबरूं नये. संचाच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' असें लिहिलेलें बटण असतें. कोणत्या भोंकांतून आलेलें चित्र दाखवावयाचें, हें संचास या बटणानें सांगावें लागतें. तार पहिल्या भोंकांत व संच दुसऱ्याकडे डोळे लावून बसला, असा प्रकार पुष्कळदां होतो, आणि चांगला संच विनाकारण दुरुस्तीस नेला जातो.

सांठवणाचा हिशेब

धान्य किती येईल याचा अंदाज करून आपण कोठी बांधतों, तसाच येथेंही अंदाज करावा. साध्या चित्राचा ओघ सेकंदास सुमारें ४ मेगाबिट धरला तर तासाचे १४,४०० मेगाबिट होतात. आठ बिटांचा एक बाइट; म्हणजे तासास १,८०० मेगाबाइट, अर्थात् १.८ गिगाबाइट. ३२ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर या हिशेबानें सुमारें १७ तास, म्हणजे अर्ध्या तासाचे तीसाहून अधिक कार्यक्रम मावतील. उच्च प्रतीच्या चित्रास जागा याच्या दुपटीहूनही अधिक लागूं शकते.

येथें तीन सूचना. नवा पेनड्राइव्ह लावल्यावर बॉक्स तो 'फॉर्मॅट' करावयाचा काय असें विचारतो. त्यास होकार दिला कीं त्यावरचें पूर्वींचें सारें पुसलें जातें. घरच्या लग्नाचीं छायाचित्रें असलेला पेनड्राइव्ह या कामीं कदापि देऊं नये. दुसरें, कांहीं बॉक्स एका तुकड्यांत ४ गिगाबाइटहून अधिक सांठवूं शकत नाहींत. लांब कार्यक्रम मध्येंच तुटला तर कारण हें असूं शकतें. तिसरें, यू. एस. बी. च्या साध्या भोंकांतून ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज मिळते. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क तेवढ्यावर उठत नसेल तर तिला स्वतंत्र वीज द्यावी.

वेळ लावून ठेवणें

बॉक्समध्यें वाहिनी, दिनांक, आरंभ व शेवट भरून ठेवले कीं मुद्रण आपोआप होतें. त्याआधीं बॉक्सचें घड्याळ बरोबर आहे कीं नाहीं हें पाहावें. कार्यक्रमापूर्वीं व नंतर पांच पांच मिनिटें अधिक धरावीं.

हें मुद्रण होत असतां दूरचित्रवाणी संच चालू असण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. बॉक्सला मात्र वीज पाहिजे. रात्रीं निजतांना भिंतीवरचें बटण बंद करण्याची आपली सवय चांगली आहे. परंतु वेळ लावलेली असेल त्या दिवशीं बॉक्सचें बटण चालू ठेवून तें रिमोटनेंच निजवावें. वीज जाण्याचा संभव असेल तेथें बॉक्स इन्व्हर्टरवर घ्यावा. त्यास वीज फार थोडी लागते. छत्रीवर घेतलेल्या साध्या बॉक्सांत बहुधा एका वेळीं एकच वाहिनी येते. म्हणून शेतीचा कार्यक्रम मुद्रित होत असतां घरांतील मंडळींनीं दुसरी वाहिनी लावण्याचा हट्ट धरूं नये. हा नियम घरांत आधींच ठरलेला बरा.

ढग गडगडूं लागले म्हणजे मुद्रणाचा मोह सोडून प्लग काढावा व छत्रीची तारही बॉक्सपासून सोडावी. एका कार्यक्रमापेक्षां यंत्र व यंत्रापेक्षां घर अधिक मोलाचें. बॉक्सवर कापड झांकूं नये. त्याची उष्णता बाहेर पडण्यास वाट पाहिजे.

पुष्कळ बॉक्सांवरील मुद्रण त्याच बॉक्सवर उघडतें. पेनड्राइव्ह शेजारच्या घरीं नेल्यास चित्र दिसेलच असें नाहीं. कायद्याविषयींही एक शब्द सांगणें अवश्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें प्रक्षेपणाचें मुद्रण स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं करण्यास मोकळीक ठेवलेली आहे. नकला काढून विकण्यास अथवा भाड्यानें देण्यास नाहीं. शेजाऱ्यास आपल्या ओटीवर बोलावून दाखवावें, हेंच उत्तम.

मोबाइल असतां हें कशास?

कोणी म्हणेल, आज पुष्कळ कार्यक्रम मोबाइलवर हवे तेव्हां पाहतां येतात, मग ही खटपट कशास? ज्याच्या हातीं मोबाइल आहे, ज्याच्या शेतावर त्याची लहर पोंचते व ज्याची दृष्टि चांगली आहे त्यानें तसें अवश्य करावें. परंतु बहुतेक घरांत मोबाइल ज्याच्या खिशांत, माहितीही त्याच्याच खिशांत, असें होऊन बसतें. खुरपणीस जाणारी सून व मळ्याची राखण करणारे वडील यांस पिकावरील पहिली अळी आधीं दिसते. घरच्या मोठ्या पडद्यावर तीं सर्व एकत्र बसून पाहूं शकतात. शिवाय ज्या ठिकाणीं मोबाइलची लहर क्षीण आहे तेथेंही छत्रीवर चित्र स्वच्छ येतें.

शेवटीं

त्याच सालच्या दिवाळींत आम्हीं रेकॉर्डर असलेला बॉक्स आणला. तो जोडला सूनबाईंनीं. आम्ही तारा हातांत घेऊन विचार करीत होतों तोंवर त्यांनीं रंगास रंग लावून चित्र आणलेंही. संचाशेजारीं दोरीस बांधलेली एक वही व पेन्सिल तेव्हांपासून टांगलेली आहे. औषधाचें नांव, त्याची शक्ति, प्रमाण, आणि तें प्रमाण लिटरास कीं पंपास कीं एकरास, असे चार रकाने तींत आखलेले आहेत. चौथा रकाना मातोश्रींच्या सांगण्यावरून पडला.

पुढील खरिपांत मक्यावरील अळीचा कार्यक्रम पुन्हां लागला. त्याही सायंकाळीं आम्ही विहिरीवर व सूनबाई गोठ्यांतच होत्या. जेवणें झाल्यावर सर्वांनीं मिळून मुद्रण पाहिलें. दादांसही बोलावलें होतें. प्रमाणाचा तक्ता पडद्यावर येतांच मातोश्री म्हणाल्या, "पोरी, थांबव तें चित्र. आधीं लिही, मग पुढें जाऊं." चित्र थांबलें. सूनबाईंनीं लिहिलें, दादांनीं मोठ्यानें वाचून दाखविलें, व आम्हीं पंधरानें गुणून पंपाचा आंकडा खालीं मांडला.

अळी त्या वर्षींही आली. परंतु पानांवर अंडीं दिसतांच फवारणी झाली, आणि औषध या वेळीं लिटराच्या हिशेबानें पडलें. त्या वर्षीं मक्यानें आमचा खर्च भागवून घरांतही कांहीं टाकलें. आमच्या शेतकरी बंधुभगिनींनीं आपल्या घरीं हा प्रयोग करून पाहावा, व जोडणींत कोणास अडचण आल्यास संचाच्या पाठीमागील भोंकांचे रंग व त्यांवरील नांवें लिहून आम्हांस कळवावीं. पुढील अंकीं यथाशक्ति उत्तर देऊं.